कानस उभ्यानं मारतात

"हे भोक हाय," आत्या म्हणाली. "घर कुठंय?"

नामाकाका भरडखोलहून होडीच्या सुकाणूची लोखंडी पट्टी काखोटीला मारून आले होते आणि आत्यापुढे गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे उभे होते. पट्टीला भोकं पाडलेली होती. छान गोल, गुळगुळीत, मशीनवरची. मला तर त्यांत काही खोट दिसेना.

"तू थांब म्हनलीस ना बाय. होडी किती दिस उभी ठेवू? मंग दुसरीकडून पाडून आनली." नामाकाकांनी खिशातून बोल्ट काढला, भोकात घातला आणि बोटानं फिरवून दाखवला. बोल्ट भिंगरीसारखा फिरला. "आता नट आवळाया जातो, तर ह्यो पन त्याच्यासंगं फिरतो. आवळू कसा?"

"तू त्याला नाचायला अंगण दिलंस, तो नाचणारच."

"मस्करी नको करू गो. पोरं घरी बसलीत."

"मस्करी कोण करतंय? ही पट्टी गेली, नामा. मोठं झालेलं भोक परत लहान होत न्हाय. नवी करून देते."

हा बोल्ट जरा वेगळा असतो. त्याचं डोकं अर्ध्या सुपारीसारखं, गोल आणि गुळगुळीत. पाना लावायला जागाच नाही. पण डोक्याखाली त्याची मान चौकोनी असते. ती मान बरोबर मापाच्या चौकोनी भोकात बसली, की बोल्ट जन्मात फिरत नाही आणि मग एकटा माणूससुद्धा दुसऱ्या बाजूनं नट आवळू शकतो. आता ड्रिल फिरतं गोल, म्हणून भोकही गोलच पडतं. तेव्हा आधी लहानसं गोल भोक पाडायचं आणि मग कानशीनं घासून घासून त्याला एकेक कोपरा द्यायचा. असा कोपरे दिलेला चौकोन म्हणजे आत्याच्या भाषेत घर. आणि त्यात येऊन बसणारा बोल्ट म्हणजे पाहुणा.

हे शब्द तिनं स्वतः पाडलेत. आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, मेल आणि फिमेल. जो तुकडा बसतो तो मेल, ज्याच्यात बसतो ती फिमेल. वर्गात आत्या एकटी मुलगी. मागच्या बाकांवर खसखस पिकली. आत्या उठली आणि म्हणाली, "सर, मी ह्यांना पाहुणा आणि घर म्हटलं तर मार्क कापाल का?" सरांनी कापले नाहीत. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मीच त्या वर्गात होते असं मला वाटतं, आणि दर वेळी टाळी वाजवावीशी वाटते.

दिवेआगरला आमच्या घरामागे, वाडीच्या कडेला, एक पत्र्याची शेड होती. आजोबा तिथे सुपारी वाळवून ठेवायचे. आत्या परत आल्यापासून ती तिची. आत एक फणसाचा जाडजूड ओंडका, त्यावर शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट पकडून धरणारा तो लोखंडी जबडा. भिंतीला खिळ्यांवर कानशी टांगलेल्या, मोठीपासून लहानीपर्यंत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. साडीवर जुन्या कंपनीचा खाकी शर्ट घालून आत्या तिथे सकाळपासून उभी असायची. शाळा सुटली की मीही. कानशीच्या दातांत लोखंडाचा कीस अडकू नये म्हणून तिला खडू लागायचा, तो मी वर्गातून आणायचे. याला चोरी म्हणत नाहीत, तुकडे कुणी मोजत नाही.

नामाकाका गेले आणि बाबा आले. बाबा शेडमध्ये सहसा येत नाहीत, दारातूनच "ताई, चहा झालाय" म्हणून जातात. त्या दिवशी आत आले. त्यांच्या मागून बोर्लीचा मितेश कॉन्ट्रॅक्टर, एका हातात टेप, दुसऱ्या हातात खुणा करायच्या पांढऱ्या फक्कीचा डबा. मितेशनं आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेपचं एक टोक त्यानं बाबांकडे दिलं आणि बोलत सुटला.

"इथं बेड. खिडकी वाडीच्या साइडला, व्ह्यू पाहिजे. एसी वर. आणि अटॅच बाथरूम..." तो मागे मागे सरकत गेला, ओंडक्याला पाठ लागली तेव्हा थांबला, आणि ओंडक्याभोवती त्यानं फक्कीनं एक गोल काढला. "कमोड इथं."

आत्यानं हातातली कानस खाली ठेवली.

"काय रे, पाहुणे माझ्या शेगड्यावर बसणार का?"

मला फस्सकन हसू आलं. बाबा हसले नाहीत. ते टेपचं टोक धरून तसेच उभे होते, पतंगाची दोरी धरून उभं राहावं तसे.

"ताई, तुला सांगणारच होतो."

"कधी? कमोड बसल्यावर?"

"असं नको ना बोलू. दिवाळीची गर्दी येतेय. आजूबाजूला सगळ्यांनी खोल्या वाढवल्या. वादळात वाडी झोपली ती अजून उठली न्हाय, तुला काय सांगायचं? नव्या सुपाऱ्या फळ कधी धरणार, मी म्हातारा झाल्यावर?"

"खोली काढ की. न्हाय कोण म्हणतंय? पुढच्या अंगाला काढ."

"पुढं गाड्या लागतात." बाबांनी आवाज खाली आणला. "आणि पाहुणे तक्रार करतात, ताई. लोक समुद्राचा आवाज ऐकायला येतात आणि सकाळ उजाडली की तुझी करकर."

"मावशी," मितेश मध्ये पडला, "आजकाल हे हातानं करतं कोण? पनवेलला लेझर आहे. ड्रॉइंग पाठवा, चौकोन काय, बदाम पाडून देतील."

"देतील ना. माझ्यापेक्षा साफ देतील, मी बघितलंय," आत्या म्हणाली. "पण नामाची पट्टी मोडली समुद्रात, तेव्हा पनवेल किती लांब पडतं? आणि मावशी नको म्हणू. मिस्त्री म्हण."

मितेशनं तोंड वाकडं केलं. बाबांनी टेप सोडली, ती सुर्रकन आपल्या घरात गेली. मग बाबा आत्याच्या जवळ आले आणि त्यांना वाटलं ते फार मायेचं काहीतरी बोलताहेत. खरंच वाटलं असणार.

"तुला इथं काय कमी हाय गं? तुला कोण जा म्हणतंय? सामान माळ्यावर टाकू. खूप केलंस आयुष्यभर. आता आराम कर. बसून खा."

आत्यानं खाकी शर्टाला हात पुसले, आधी एक, मग दुसरा.

"कानस उभ्यानं मारतात, रघ्या," ती म्हणाली. "बसून न्हाय."

आणि कानस उचलून पुन्हा कामाला लागली.

माझी आत्या, नूतन, बाबांपेक्षा मोठी. आयटीआय झाल्यावर रोह्याकडे एका कंपनीत लागली. तिथे शिफ्ट करायची, हॉस्टेलला राहायची, सुट्टीला येताना बाबांसाठी पँटचं कापड आणायची. मग लग्न झालं. सासरी जाताना तिनं कपड्यांच्या बॅगेबरोबर पत्र्याची पेटी नेली, हत्यारांची. सासूबाई म्हणाल्या, बॅग आत ने, पेटी भंगारात घाल. दोन पावसाळे आत्या त्यावर वाद घालत राहिली. मग एक दिवस एसटीतून उतरली. "पेटी घेऊन गेली, पेटी घेऊन आली," असं गावात अजून म्हणतात आणि म्हणताना हसतात. आत्यालाही ते माहीत आहे. ती म्हणते, "बरोबरच हाय. बॅग तिथंच राहिली."

तेव्हापासून ती इथे आहे. पण पाहुण्यांशी ओळख करून देताना बाबा कधी "ही माझी बहीण, इथे राहते" असं म्हणत नाहीत. "ताई आलीये माझी," असंच म्हणतात. मी जन्मल्यापासून ती आलेलीच आहे.

मुलग्यांचा आवाज फुटतो म्हणतात. माझा यंदा फुटला, दहावीत. आधी मी वर्गात हात वर करायचे आणि सरांनी नाव घेतलं की खाली बसायचे. मग आत्यानं मला कानस हातात दिली. पहिलं घर जमलं त्या दिवशी तिनं पट्टी सूर्याकडे धरायला लावली. आत बोल्ट. कडेनं उजेडाची रेघसुद्धा नाही. बोल्ट काढला, पाव वळसा फिरवून परत घातला, तरी नाही. चारही बाजूंनी बसला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हात वर केला आणि सर "पुरे" म्हणेपर्यंत बोलले. अजून बोलतेच आहे.

त्यामुळे त्या संध्याकाळी जेवताना मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"बाबा, आत्याचं काम बंद करायचं तुम्ही कोण?"

"कल्पिता, भात घे."

"भात घेतलाय. आजोबांचं घर आहे ना हे? मग आत्याचंही आहे. कायद्यानं आहे. शाळेत शिकवलंय आम्हाला."

बाबांचा घास हातातच राहिला. आईनं माझ्या पानात आमटी वाढली, मला नको असताना, इतकी वाढली की भात वाहून गेला. पाहुण्यांचं जेवण, मोदक, चादरी, सगळं तिच्या अंगावर. नवी खोली झाली की तिलाच आणखी राबायचं होतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"कल्पे, गप," आत्या म्हणाली. "रघ्या, खोली काढ. माझी ना न्हाय."

बाबांच्या खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखं झालं. "बघ, मी म्हणत होतो ना, ताई समजूतदार हाय." त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या पानात माशाची तळलेली तुकडी ठेवली.

मला ती तुकडी उचलून फेकावीशी वाटली. जेवण झाल्यावर मोरीवर भांडी घासताना मी आत्याला गाठलं.

"तू ठीक आहे म्हणालीस! एवढं सगळं बोलून तू ठीक आहे म्हणालीस?"

"खोलीला म्हणाले." तिनं तवा उलटा केला. "कामाला कुठं म्हणाले? शनिवारी शाळा सकाळची ना तुझी? सुटली की पळत ये. वाटेत मैत्रिणींशी चकाट्या पिटत बसू नको."

शनिवारी मी दप्तर पडवीत टाकून मागे धावले तर मितेशची माणसं शेडवर चढलेली. पत्र्यांचे हूक सोडवत होती. आणि खाली, त्याच पत्र्यांच्या खाली, आत्या शेगड्यापुढे उभी. शेगड्यात एक जाड पट्टी. दोन घरं तयार, तिसरं चालू.

"बाई, बाहेर व्हा ना, डोक्यात पडंल," वरून एक जण ओरडला.

"तू नीट काढ. पडायचं न पडायचं तुझ्या हातात हाय."

"आत्या, हे काय चाललंय?"

"शेगडा हलवायचा हाय. पुढं पडवीतल्या बाकावर. बाकाच्या फळीखालून ही पट्टी लावायची, बोल्ट खालून वर. पट्टी शेगड्याशिवाय घासता येत न्हाय आणि शेगडा पट्टीशिवाय बसत न्हाय. म्हणून शेगडा सुटायच्या आधी पट्टी झाली पायजे. कळलं? चौथं तुझं."

पडवीतला बाक म्हणजे रस्त्याला तोंड करून असलेला, जाड फळीचा, जिथे पाहुणे चपला काढतात आणि चहा पितात तो. त्याच्या वर बाबांनी नुकताच होमस्टेचा रंगीत बोर्ड लावलेला. मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा मी इतक्या जोरात हसले की वरचा माणूस दचकला.

बाबा मागच्या दारात आले. त्यांना वाटत होतं आत्या शेवटचं काम आवरतेय. "ताई, होऊ दे सावकाश," असं मोठ्या मनानं म्हणाले. मितेश मात्र घड्याळ बघत येरझारा घालत होता.

"मावशी... मिस्त्री, लेबर बसवून ठेवलंय मी."

"बसव की. चहा पाज. शेवटचं घर हाय."

तिसरं झालं. आत्या बाजूला झाली आणि मी उभी राहिले. वर एकेक पत्रा निघत होता आणि दर पत्र्यागणिक ऊन खाली येत होतं, आधी भिंतीवर, मग ओंडक्यावर, मग माझ्या हातांवर. या शेडमध्ये इतका उजेड मी कधी पाहिलाच नव्हता. कानशी, त्यांच्या मागची काजळी, आजोबांनी कोळशानं मारलेल्या कसल्यातरी खुणा, सगळं उघडं पडलं. मला भयंकर राग आला. बाबांचा, मितेशचा, त्या उन्हाचा. मी कानस चालवत सुटले. पुढे जाताना दाब, मागे येताना हलकं, हे सगळं विसरून नुसती मागे-पुढे, मागे-पुढे. आधी कोपरे धरायचे असतात आणि बाजू मागाहून. मी बाजूच खात गेले.

"थांब," आत्या म्हणाली.

तिनं बोल्ट घातला. बोल्ट आरामात आत गेला आणि आरामात फिरला.

"कल्पे, तुला घर सांगितलं होतं. तू दार केलंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी पट्टी नव्हती. वेळही नव्हता, शेवटचा पत्रा खाली येत होता. आत्यानं पट्टीवर फुंकर मारून कीस उडवला.

"राहू दे. राग आला की हातातलं खाली ठेवायचं, एवढं शिकलीस तरी झालं. पाना दे."

शेगडा ओंडक्यावरून सुटला तेव्हा कळलं की तो आम्हा दोघींना उचलत नाही. मितेशची माणसं मदतीला आली नाहीत, मितेशनं डोळ्यांनीच थांबवलं त्यांना. मग आत्यानं गोणपाट पसरलं, शेगडा त्यावर लोटला आणि आम्ही दोघी तो ओढत निघालो. मागचं दार, स्वयंपाकघर, माजघर. आईनं सकाळीच पुसलेली फरशी. बाबा माजघरात फोनवर कुणाला तरी खोलीचे फोटो पाठवत होते.

"कुठं नेताय? माळ्यावर ना?"

"पडवीत," आत्या ओढता ओढता म्हणाली.

"पडवीत? पडवीत कशाला? ताई! तिथं पाहुणे येतात!"

"येऊ देत. त्यांच्याच पायात येऊ नये म्हणून बाकावर ठेवतेय."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील रघ्याची बहीण मिस्त्री हाय. खोटं हाय का?"

बाबा दाराकडे सरकले. दार अडवायला सरकले की नुसते सरकले, ते मला सांगता येणार नाही. पण त्यांच्याआधी आई तिथे पोचली होती. पुढच्या दाराची एकच फळी उघडी होती आणि शेगडा त्यातून जाण्यासारखा नव्हता. आईनं खालची कडी काढली, वरची कडी काढली आणि दुसरी फळी उघडली.

"वन्सं, उंबऱ्याशी सांभाळा," एवढंच म्हणाली आणि परत चुलीकडे गेली.

बाकाला आत्यानं ड्रिलनं भोकं पाडली. मी फळीखाली उताणी झोपून पट्टी वर दाबून धरली. चार बोल्ट फळीतून वर डोकावले, शेगडा त्यांच्यावर बसला. वरून आत्यानं नट लावले. रस्त्यानं वेणूबाई फुलांची परडी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"काय गो नूतन, दुकान मांडलंस?"

"दुकान न्हाय गो. मी हाय."

पहिला नट आवळला. दुसरा आवळला. मला खालून बाबांचे पाय दिसले. येतात, जातात, परत येतात. मग ते खाली बसले, इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांचा चेहरा फळीखाली आला.

"ताई, खालून धरू का? फिरेल."

"न्हाय फिरत. धरायला लागत न्हाय."

बाबांनी हात पुढे केलेला होता, तो तसाच राहिला. त्यांनी बोट एका बोल्टाच्या डोक्यावर ठेवलं. वर पाना कुरकुरत होता, फळी कण्हत होती आणि बोटाखाली ते गुळगुळीत डोकं हललंही नाही. बाबांनी हात मागे घेतला. पण उठले नाहीत.

तिसरा आवळला. मग चौथा.

चौथा फिरला. आत्यानं पाना थोडा मागे घेतला, परत लावला. परत फिरला. मी खाली डोळे गच्च मिटून घेतले.

"हा कल्पीचा," आत्या वरून म्हणाली. मग पक्कड फळीच्या कडेवरून खाली आली. "रघ्या, ह्यो धरायला लागंल."

बाबा माझ्या शेजारी उताणे झाले. शर्टाला फरशीवरचा लाकडाचा भुसा लागला. त्यांनी पक्कड लावली, ती सटकली. परत लावली.

"सुटतंय गं, ताई. पकडायला जागाच न्हाय ह्याला."

"घट्ट धर. लहानपणी माझी वेणी कशी धरायचास?"

बाबांचा दंड थरथरत होता. वर पाना एक-एक पेर सरकत होता. आम्ही दोघं, मी आणि बाबा, नाकाला नाक लागेल इतके जवळ पडलो होतो. त्यांच्या कपाळावरून घाम कानात चालला होता.

"हे तू केलंस होय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"नीट शिक जरा."

वरून आत्यानं पान्यानं शेगड्यावर टक् टक् केलं. झालं होतं.

दिवाळीच्या आधी खोली झाली. पांढरी, गुळगुळीत, मितेशनं म्हटलं होतं तशीच. पहिले पाहुणे पुण्याचे. गाडीतून उतरले तेव्हा आत्या नामाकाकांच्या आणखी एका पट्टीवर कानस मारत उभी होती आणि नामाकाका पायरीवर बसून आईनं दिलेला चहा बशीत ओतत होते. पाहुण्यांतल्या बाई गॉगल वर करून बघत राहिल्या. त्यांच्या मिस्टरांनी बॅग आत्याच्या पायाशी ठेवली.

"मावशी, जरा आत घ्या हे."

आत्यानं हनुवटीनं दाराची दिशा दाखवली. कानस थांबली नाही. बॅग बाबांनी उचलली.

संध्याकाळी त्याच बाई माजघरात आल्या. बोलायला चांगल्या होत्या, रागावलेल्या नव्हत्या. "नाही म्हणजे, तसं काही नाही, पण तो बाहेरचा आवाज... तो किती वेळ चालतो हो साधारण?"

बाबा टॉवेलांच्या घड्या हातात घेऊन उभे होते. त्यांनी तोंड उघडलं.

"काम संपेपर्यंत," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. "टॉवेल आणखी लागले तर सांगा," म्हणाले.

नामाकाकांची होडी परत समुद्रात गेली. आता बोर्लीहून कुणीतरी गेटच्या कड्या घेऊन येतं, आणि पडवीत उभं राहून आत्याशी बोलावं लागत असल्यामुळे बाबांनाही त्यांना पाणी विचारावं लागतं. पाहुण्यांना बाबा काय ओळख करून देतात ते मी अजून ऐकलेलं नाही. हल्ली ते ओळखच करून देत नाहीत. ती समोर दिसतेच.

फक्त सकाळचं एक आहे. आत्या उठते, चहाचा कप घेते आणि मागचं दार उघडते. समोर पांढरी भिंत, त्यावर एसीचा डबा घरघरत असतो, त्यातून एक नळी खाली पाणी ठिबकवत असते. आत्या उंबऱ्यावर कप घेऊन उभी राहते. एक पाऊल बाहेर टाकलेलं असतं, ते मागे घेते. मी अंथरुणातून बघत असते, पण मी काही बोलत नाही. मी, आणि बोलत नाही. चहा संपतो. ती वळते, अख्खं घर ओलांडून पुढे जाते. आत पाहुणे अजून झोपलेले असतात.

मग कानस सुरू होते.